ताणावर सोडलेली बाग

पंचांगातला वसंत चैत्र-वैशाखाचा. पुण्याच्या टेकड्यांवर तो माघ सरतानाच येतो, आणि येतो तेव्हा हिरवं काही शिल्लक नसतं. फेब्रुवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात वेताळ टेकडी चढून जा. गवत वाळून त्याची कुसळं झालेली असतात आणि ती चालताना पायजम्यात घुसतात. सालई आणि मोईची झाडं पार उघडीबोडकी झालेली असतात. पायाखालचा मुरूम दहा वाजताच तापायला लागतो. अशा वेळी उतारावरच्या एखाद्या वाकड्यातिकड्या, एकही पान नसलेल्या झाडाच्या फांद्यांच्या टोकांवर हाताच्या पंज्याएवढी झळझळीत पिवळी फुलं दिसतात. ही सोनसावर. गणेर असंही तिला म्हणतात. महिनोन्‌महिने पावसाचा थेंब नाही, माथ्यावर ऊन वाढतं आहे, पायाखाली माती कमी आणि दगड जास्त, आणि हिला फुलायला नेमकी हीच वेळ सापडते.

गेली बरीच वर्षं मी या शहरात बागांबद्दल लिहितो आहे. त्या सगळ्यातून एक गोष्ट पटत गेली आहे, ती या लेखात सांगायची आहे. पुण्याचा वसंत पाण्यावर येत नाही, तहानेवर येतो. तहान सोसता येणारी झाडं आपण निवडली आणि तहान देण्याची कला शिकून घेतली, तर या शहरात बाग करणं म्हणजे उन्हाशी रोजची मारामारी उरत नाही.

आधी हवेचं बोलू. पुण्याचं वर्षाचं पाऊसमान साधारण ७०० ते ७५० मिलिमीटर. पश्चिमेला जेमतेम साठ-पासष्ट किलोमीटरवरच्या लोणावळ्यात त्याच्या कितीतरी पट पाऊस कोसळतो, पण घाटमाथ्यावर ढग रिकामे होतात आणि आपल्या वाट्याला उरलेलं येतं. तेही बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. ऑक्टोबरातले परतीचे दोन-चार सडाके आणि एप्रिल-मेतला वळीव सोडला, तर उरलेले आठ महिने कोरडे. थंडीत पाषाण किंवा शिवाजीनगरला पारा सात-आठ अंशांवर येतो, आणि एप्रिलमध्ये चाळिशी गाठतो. जुन्या नोंदी पाहिल्या तर १७ जानेवारी १९३५ ला पुण्याचा पारा १.७ अंशांवर उतरला होता, आणि ३० एप्रिल १८९७ ला ४३.३ अंशांवर चढला होता. मार्चमधल्या दुपारी हवा इतकी कोरडी असते की सकाळी धुतलेली चादर तासाभरात कडक होते. पानांमधलं पाणीही तसंच खेचलं जातं. जमिनीत हातभर खणलं की मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. युरोपातली झाडं बर्फाला टिकतात की नाही, यावरून त्यांचा चिवटपणा ठरतो. आपल्याकडे परीक्षा आहे ती फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांची.

या परीक्षेत टेकडीवरची झाडं काय करतात ते पाहण्यासारखं आहे. पान हा झाडाचा पाणी गमावण्याचा सगळ्यात मोठा दरवाजा. म्हणून ती आधी पानं टाकतात. सावर, सोनसावर, मोई, सालई यांची लाकडं मऊ आणि पाणीदार. पावसाळ्यात भरून घेतलेला साठा खोडात शिल्लक असतो आणि त्यावरच फुलं येतात. पानांची गर्दी नसल्यामुळे फूल लांबून दिसतं. काटेसावरीच्या जाड, मांसल, लाल फुलांत आणि पांगाऱ्याच्या शेंदरी तुऱ्यांत मकरंद इतका असतो की झाडावर दिवसभर बाजार भरलेला असतो. मैना, साळुंक्या, बुलबुल, शिंजीर, कावळे, आणि परतीच्या वाटेवरच्या भोरड्यांचे थवेच्या थवे. बाकी सगळीकडे पाणी आटलेलं असताना पाखरांना ही मेजवानी मिळते आणि झाडांचं परागीभवन होऊन जातं. वेळेचा हिशेबही पक्का. सावरीची बोंडं एप्रिल-मेमध्ये फुटतात, कापूस वळवाच्या वाऱ्यावर उडतो, आणि बी जमिनीला टेकतं तेव्हा पाऊस पंधरा-वीस दिवसांवर आलेला असतो. फुलायला आणखी दोन महिने लावले असते तर रोपाचा एक पावसाळा वाया गेला असता.

मग चैत्रात पालवी फुटते, तीही पाऊस यायच्या आधी. कुसुंबाची नवी पानं लालभडक, पिंपळाची तांब्यासारखी, करंजाची पोपटी आणि तेल लावल्यासारखी चकचकीत. कडुनिंबाला मोहर येतो आणि संध्याकाळी कर्वे रस्त्यावरच्या धुरातूनसुद्धा त्याचा गोडसर वास कळतो. खोल गेलेल्या मुळांना अजून कुठेतरी ओल मिळत असते. पाडव्याला गुढीवर बांधायची कडुनिंबाची डहाळी ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर इतकी कोवळी कशी, याचं उत्तर या मुळांत आहे.

झाडांची ही रीत आपल्या फळबागायतदारांनी फार पूर्वी ओळखली. दिवे घाट चढून सासवडकडे गेलं की पुरंदरच्या अंजिराच्या बागा लागतात. तिथे बागेला पाणी तोडणं हे पाणी देण्याइतकंच महत्त्वाचं काम असतं. बाग ताणावर सोडायची, म्हणजे ठरावीक काळ पाणी बंद करायचं. वाढ थांबते, पानं पिवळी पडून गळतात, फांदीत अन्नसाठा तयार होतो. मग छाटणी, खत, आणि पहिलं पाणी. त्या पाण्याबरोबर साठवलेली सगळी ताकद फुलाफळावर येते. अंजिराचे खट्टा आणि मीठा असे दोन बहार, डाळिंब-पेरू-लिंबाचे आंबे, मृग आणि हस्त असे तीन, हे सगळं ताण कधी द्यायचा यावर बेतलेलं आहे. दुष्काळी पट्ट्यातल्या शेतकऱ्याने दुष्काळालाच आपल्या कॅलेंडरमध्ये बसवलं. शहरातल्या बागप्रेमींनी मात्र हे ज्ञान उंबऱ्याबाहेर ठेवलं, याचं मला वाईट वाटतं. कुंडीतलं झाड फुलत नाही म्हणून लोक आणखी पाणी घालतात, आणखी खत घालतात, आणि झाड नुसतं पानांनी माजत राहतं.

यामागे इतिहासही आहे. पुण्यातली शहरी बाग वाढली ती दुसऱ्या हवेच्या नमुन्यावर. ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया ही संस्था १८३० ची. कॅन्टोन्मेंटजवळची एम्प्रेस गार्डन आजही तीच सांभाळते. गणेशखिंडीत गव्हर्नरचा बंगला उभा राहिला, तिथे आता विद्यापीठ आहे. १८७३ मध्ये गणेशखिंडीतच वनस्पती उद्यान सुरू झालं. त्याची देखरेख करणारे जी. मार्शल वुड्रो यांनी हिंदुस्थानातल्या बागकामावर इंग्रजीत एक पुस्तक लिहिलं आणि एकोणिसाव्या शतकात त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. त्याच दशकात खडकवासल्याचं धरण पूर्ण झालं, कालव्याचं पाणी गावात खेळलं, आणि हिरवळ, वाफे, गुलाब अशी बाग इथे शक्य झाली. तिचं सौंदर्य मी नाकारत नाही. प्रजासत्ताक दिनाच्या सुमाराला एम्प्रेस गार्डनमध्ये पुष्पप्रदर्शन भरतं, तिथे पेटुनिया, पॅन्सी, साल्विया, डेलियांचे ताटवे पाहताना डोळे निवतात. तिथल्याच गारंबीच्या अजस्र वेलाखाली मात्र मी जास्त वेळ काढतो. माळ्यांच्या भाषेत ते ताटवे ‘सीझनल’. होळी आली की संपले. नव्याने बाग करणारा माणूस बहुतेक वेळा या सीझनलपासूनच सुरुवात करतो, मार्चमध्ये सगळं करपलेलं पाहतो आणि आपल्या हाताला यश नाही अशी समजूत करून घेतो. हाताचा काही दोष नसतो. झाडांची निवड चुकलेली असते.

जुन्या उद्यानांचं एक ऋण मात्र मोठं आहे. गणेशखिंडीची ती बाग २०२० मध्ये जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. शहराच्या पोटात, विद्यापीठाजवळ, दीडशे वर्षं जुनी झाडं माणसाने पाणी न घालता उभी आहेत. पुण्यात काय टिकतं याचं, लेखी नसलेलं तरी इतकं खात्रीचं पुस्तक दुसरं नाही.

घरच्या बागेची परीक्षा झाली ती २०१५-१६ मध्ये. पाऊस कमी झाला आणि महापालिकेने सप्टेंबरपासून पुढचा पावसाळा येईपर्यंत दिवसाआड पाणी दिलं. त्या उन्हाळ्यात गच्च्यांवर काय राहिलं आणि काय गेलं हे बघत फिरण्यासारखी दुसरी शाळा नव्हती. जास्वंदी तगल्या पण रुसल्या. फर्न, अँथुरियम गेले. अनंत काळवंडला. राहिली ती ओळखीची, मान न मिळालेली झाडं.

पहिला पांढरा चाफा. मूळचा मध्य अमेरिकेकडचा, पण आपल्या देवळांनी आणि दर्ग्यांनी त्याला असा आपलासा केला की तो परका वाटतच नाही. हिवाळ्यात तो पानं टाकून ठुसक्या बोटांसारख्या फांद्या घेऊन उभा राहतो. मार्चमध्ये त्याच बोडक्या टोकांवर फुलांचे घोस येतात. त्याची तोडलेली फांदी लगेच लावू नये. चीक वाळून कापलेली जागा सुकेपर्यंत आठ-दहा दिवस सावलीत पडू द्यावी, मग लावावी. कुजून मरणाऱ्या फांद्यांपैकी बहुतेक घाईमुळे मरतात.

दुसरी बोगनवेल. बोगनविल या फ्रेंच दर्यावर्दीच्या जगप्रवासात त्याच्याबरोबरच्या कॉमरसाँ या वनस्पतिशास्त्रज्ञाने १७६७ मध्ये ती ब्राझीलला टिपली. ज्यांना आपण फुलं म्हणतो ती रंगीत पानं, आत पांढरी नळीसारखी असतात ती खरी फुलं. हिच्याइतकं ताणाचं गणित सरळ कुठल्याच झाडात दिसत नाही. पाणी द्या, ती काटे आणि हिरवी पानं देईल. पानं किंचित मलूल होईपर्यंत थांबा, मग थोडं पाणी द्या, ती रंगाने भरून जाईल. सोसायटीच्या कुंपणावरची, कुणीच लक्ष न दिलेली बोगनवेल कौतुकाने वाढवलेल्या कुंडीतल्या बोगनवेलीपेक्षा जास्त का फुलते, याचं कारण एवढंच आहे.

मग कोरांटी, अडुळसा, तगर, कण्हेर, सदाफुली. सदाफुली मादागास्करची. गच्चीच्या भेगेत, गटाराच्या कडेला कुठेही उगवते आणि बारा महिने फुलते. याच झाडातून कर्करोगावरची दोन मोठी औषधं मिळाली, व्हिनब्लास्टीन आणि व्हिनक्रिस्टीन. इतकं देणाऱ्या झाडाला आपण रोपवाटिकेत जाऊन विकतही घेत नाही.

कोरफड, पानफुटी, निवडुंग यांची युक्ती आणखी निराळी. ती दिवसा पानांची रंध्रं मिटून घेतात आणि रात्री, हवा गार असताना उघडून कार्बन डायऑक्साइड आत घेतात. तो आम्लाच्या रूपात साठवतात आणि दिवसा उजेडात वापरतात. याची पहिली चाहूल लागली ती आपल्याच देशात. बेंजामिन हाइन नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने हिंदुस्थानात असताना पानफुटीचं पान चाखून पाहिलं. सकाळी ते आंबट लागे, दुपारपर्यंत बेचव होई. त्याचं हे निरीक्षण १८१५ मध्ये छापून आलं. शंभराहून जास्त वर्षांनी त्यामागचं रसायन पूर्ण उलगडलं. आजीच्या परसातल्या पानफुटीत हे सगळं दडलेलं होतं.

आणि एक झाड असं आहे की जे पुणे जिल्ह्याचं, महाराष्ट्राबाहेर निसर्गात कुठेच न सापडणारं, तरीही पुण्याच्या बागांत जवळजवळ नसलेलं. शिंदळ माकुडी. शिवनेरी, वज्रगड, सज्जनगड अशा किल्ल्यांच्या कड्यांवर, बसाल्टच्या फटींत, जिथे शेळीचं तोंड पोचत नाही तिथे ती लोंबत असते. डॅल्झेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८६० च्या दशकात जुन्नर परिसरातल्या नमुन्यावरून तिचं वर्णन केलं आणि मुंबई इलाख्याचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या नावावरून तिला फ्रेरिया इंडिका हे नाव दिलं. गणेशखिंडीतला बंगला याच फ्रियरसाहेबांनी बांधायला घेतला होता. बोटभर जाडीची मांसल खोडं, पावसाळ्यात बारीक पानं, ऑगस्ट-सप्टेंबरात पिवळे ठिपके मिरवणारी तांबूस चांदणीसारखी फुलं. उन्हाळा आला की पानं टाकून नुसत्या खोडांवर काळ काढायचा. एकेकाळी जगातल्या सर्वांत धोक्यातल्या १२ वनस्पतींत तिची गणना झाली होती. गंमत म्हणजे फांदीच्या तुकड्यावरून ती सहज लागते. युरोपातल्या हौशी लोकांच्या काचघरांत ती पिढ्यान्‌पिढ्या वाढते आहे. कड्यावरून उपटून आणणं हा गुन्हाच समजला पाहिजे. पण लागवडीतल्या झाडांपासून केलेली रोपं पुण्यातल्या बाल्कन्यांत का असू नयेत? आमच्याच कातळाची लेक आम्हाला परदेशी पुस्तकात भेटावी, हे मला मनापासून खटकतं.

इथे देशी-विदेशीचा वाद येतोच. डॉ. श्री. द. महाजन यांनी ‘देशी वृक्ष’सारख्या लेखनातून देशी झाडांचा आग्रह मराठी वाचकांपर्यंत पोचवला, आणि टेकड्यांच्या बाबतीत तो आग्रह शंभर टक्के बरोबर आहे असं माझं मत आहे. पुण्याच्या टेकड्यांवर वनीकरणाच्या नावाखाली गिरिपुष्पाची रांगच्या रांग लावली गेली. फेब्रुवारीत ती फिकट गुलाबी फुलते, छायाचित्रांत छान दिसते. पण तिच्या गर्दीखाली पवन्या, कुसळी ही गवतं दबतात, आणि गवत गेलं की त्यावर जगणारे ससे, चंडोल, तितर जातात. टेकडी म्हणजे रिकामी जागा, तिथे काहीही हिरवं लावलं की पुण्य, ही समजूत चुकीची आहे. वेताळ टेकडीवरचं विरळ झाडांचं, काटेरी झुडपांचं, गवताचं रूप हेच तिचं पूर्ण रूप आहे. पाचुंदा, हिवर, मेडशिंगी, वाघाटी ही तिथली मंडळी. वाघाटीचं फळ आषाढी द्वादशीच्या पानात लागतं, पण तिची पांढरी-गुलाबी, लांब केसरांची फुलं उन्हाळ्याच्या तोंडावर येतात, हे किती जणांनी पाहिलं असेल? टेकडीतून रस्ता आणि बोगदे काढण्याच्या योजनेविरुद्ध २०२३ च्या एप्रिलमध्ये नागरिक मोठ्या संख्येने रस्त्यावर उतरले. त्या मोर्चाचं मला फार अप्रूप वाटतं, कारण ऐन उन्हाळ्यात, टेकडी सर्वांत रखरखीत दिसते त्या महिन्यात तिच्यासाठी माणसं चालली.

घरच्या बागेत मात्र मी इतका कडक नाही. चाफा, बोगनवेल, सीताफळ हे सगळे पाहुणे आहेत. दिवे घाटाच्या दगडांत पाण्याविना गोड होणाऱ्या सीताफळाला परकं म्हणायला माझी जीभ वळत नाही. कुंडीत काय असावं याला माझी कसोटी एकच, ते झाड पुण्याचा मे महिना फार लाड न करता काढू शकतं का.

मोगऱ्याचं वेगळं सांगायला हवं, कारण पुण्याचा घरगुती वसंत म्हणजे मोगरा. चैत्रगौरीचं हळदीकुंकू, आंब्याची डाळ, पन्हं, ओल्या हरभऱ्याने भरलेली ओटी आणि बायकांच्या हातात मोगऱ्याचा गजरा. मंडईच्या कडेला ओल्या फडक्याखाली कळ्यांचे ढीग असतात, आणि दगडूशेठ गणपतीला मोगऱ्याची आरास होते तेव्हा बुधवार पेठेतली गल्लीच्या गल्ली घमघमते. हाच मोगरा घरी फुलत नाही अशी तक्रार दर घरात असते. उपाय ताणाचा आहे. डिसेंबरअखेर पाणी कमी करत न्यायचं, जानेवारीत जवळजवळ तोडायचं, पानं गळू द्यायची, मग फांद्या निम्म्याने छाटून वरची माती हलवून शेणखत घालायचं आणि पाणी सुरू करायचं. नवी फूट आली की तिच्या टोकाला कळ्या येतात. पण कुंडी म्हणजे टेकडी नव्हे. खोल जायला मुळांना जागा नसते, त्यामुळे कुंडीतला ताण काही आठवड्यांचा, रोज बोटाने माती पाहत दिलेला, आणि फक्त लाकडी खोडाच्या झाडांना. तुळस, अबोली, पुदिना यांना तो लागू नाही. त्यांना सकाळी लवकर पाणी आणि दुपारी सावली लागतेच.

उरलेलं काम वाळलेला पाला करतो. जानेवारी ते मार्च शहरभर पानगळ असते आणि कोपऱ्याकोपऱ्यावर ती पेटवली जायची, अजूनही काही ठिकाणी पेटवली जाते. पुण्यातच ‘ब्राऊन लीफ’ नावाचा उपक्रम सुरू झाला. ज्यांच्याकडे पाला आहे आणि ज्यांना पाला हवा आहे, त्यांची तो गाठ घालून देतो. ही साधी कल्पना मला अतिशय मोलाची वाटते. कुंडीत मातीवर तीन-चार बोटं पाल्याचा थर दिला की पाणी निम्म्यावर येतं, माती तापत नाही, आणि पावसाळ्यापर्यंत त्याच पाल्याचं काळं, भुसभुशीत खत होतं. झाडाने उन्हाळ्यासाठी टाकलेलं पान उन्हाळ्यातच त्याच्या मुळांवर पांघरूण व्हावं, हीच तर जंगलाची व्यवस्था.

रोपं आणायला पुणेकर सोलापूर रस्त्याने सोरतापवाडी, उरुळी कांचनच्या रोपवाटिकांकडे जातात. तिथे मागाल ते मिळतं, आणि अडचण आहे ती मागण्याचीच. सोनसावर, मेडशिंगी, पाचुंदा कुणी मागत नाही म्हणून कुणी करत नाही. सुरुवात घरच्या घरीही करता येते. वसंतात बहाव्याच्या शेंगा झाडावर काळ्या पडत आलेल्या असतात. एक शेंग उचलून आणावी. बी कठीण कवचाचं असतं, ते खरखरीत दगडावर एका बाजूने घासावं आणि रात्रभर कोमट पाण्यात भिजवावं. फुगलेल्या बिया मेअखेर पिशवीत लावाव्यात. पुढच्या पावसाळ्यात रोप जमिनीत जावं, सोसायटीच्या कुंपणाशी, जिथे ऊन भरपूर आहे अशा जागी. आळं करून, पाला पसरून पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून एकदा भरपूर पाणी द्यावं, म्हणजे मुळं खाली जायला शिकतात. तिसऱ्या उन्हाळ्यापासून त्याला पाणी घालू नये.